फॉल कलर्स (पानगळीआधीचे रंग) बघायला ड्राइव्ह: न्यू हॅम्पशर की व्हर्माँट? (सासू-सासरे सोबत आहेत)

कोथिंबीरवडी

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. सासूबाई-सासरे जूनमध्ये आलेत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला परत जाणार. सासऱ्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर लालभडक डोंगर आणि त्यातून वळत जाणारा रस्ता पाहिलाय. तेव्हापासून "ते खरंच असं दिसतं का गं?" हे रोज चहाच्या वेळी चालू आहे. म्हणून यंदा कोलंबस डेच्या (ऑक्टोबरचा दुसरा सोमवार) लाँग वीकेंडला न्यायचंच असं ठरवलंय. मोठी माणसं चार, मुलं दोन (११ आणि ६), सात सीटची गाडी.

कच्चा प्लॅन असा: शुक्रवारी दुपारी निघून रात्री व्हर्माँटमध्ये स्टो. शनिवारी सकाळी स्टो बघून न्यू हॅम्पशर, कँकामॅगस हायवे. रविवारी मेनमध्ये अकेडिया नॅशनल पार्क. सोमवारी परत.

हे जमेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, अर्ध्या मैलाच्या वर चालणं नको. हॉटेलचे भाव ऑगस्टमध्येच डोळे पांढरे करताहेत. आणि मुख्य म्हणजे त्या वीकेंडला रंग नक्की असतील ना? जुने धागे वाचले, पण त्यातल्या निम्म्या लिंका मेल्यात.

बॉस्टनचा_बाब्या

जमेल की. फक्त जे काय बघायचं ते गाडीच्या काचेतून बघाल.

जरा हिशेब मांडा. एडिसन ते स्टो सहा तास धरा, शुक्रवारच्या ट्रॅफिकमध्ये आठ. स्टो ते लिंकन, जिथून कँकामॅगस सुरू होतो, दोन तास. कँकामॅगस थांबत थांबत करायचा तर अर्धा दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या टोकाच्या कॉनवेपासून अकेडियाशेजारचं बार हार्बर चार तास. आणि बार हार्बर ते एडिसन नऊ तासांच्या आत नाही, तेही सोमवारी, जेव्हा अख्खं न्यू इंग्लंड दक्षिणेकडं घरी निघालेलं असतं. त्यात त्याच सोमवारी कॅनडाचं थँक्सगिव्हिंग असतं, त्यामुळं क्वेबेकच्या गाड्याही याच डोंगरात उतरलेल्या असतात. सहा वर्षांचं पोर आणि दुखरे गुडघे घेऊन हे करू नका, कोपरापासून नमस्कार.

अकेडियावर काट मारा. सुंदर आहे, पण ती वेगळी ट्रिप. स्टोवरही काट मारा. व्हाइट माउंटन्समध्ये एकाच गावी मुक्काम टाका, लिंकन नाहीतर नॉर्थ कॉनवे, आणि तिथून रोज सकाळी निघून संध्याकाळी परत या.

आणि शक्य असेल तर गुरुवारी निघून रविवारी सकाळी परतीला लागा. मुलांचे शाळेचे दोन दिवस बुडतील, बुडू देत. सोमवारची सुट्टी घरी कपडे धुवायला ठेवा.

कोथिंबीरवडी

बाब्या, नवऱ्याला दाखवलं. "मी हेच सांगत होतो" म्हणे. (सांगत नव्हता.) पण रंगांचं काय? शुक्रवारीच पीक (peak, रंगांचा ऐन भर) असेल हे कसं कळणार?

बॉस्टनचा_बाब्या

कळत नाही, आणि कळायची गरज पण नाही. "पीक" या शब्दाच्या नादाला लागलेले लोक दरवर्षी बुकिंग चारदा बदलतात आणि शेवटी घरीच बसतात.

रंग उत्तरेकडून दक्षिणेला आणि डोंगराच्या माथ्यावरून पायथ्याला उतरत येतात. त्यामुळं तारीख पकडू नका, चढ-उतार असलेला रस्ता पकडा. लिंकन साधारण ८०० फुटांवर, कॉनवे त्याहून खाली, आणि कँकामॅगसची मधली खिंड २,८५५ फुटांवर. चौतीसेक मैलांच्या त्या एका रस्त्यावर दोन हजार फूट चढून तेवढंच उतरायचंय. सप्टेंबरच्या शेवटाला गेलात तर वर पेटलेलं आणि खाली हिरवं. कोलंबस डेला गेलात तर वर निम्मं झडलेलं, खाली भरात. तीन-चारशे फुटांचा एखादा पट्टा तुम्हाला ऐन रंगात सापडणारच. सपाट गावात मुक्काम करून "इथं अजून हिरवंच आहे" म्हणून हळहळण्यापेक्षा हे बरं.

न्यू हॅम्पशर आणि व्हर्माँट दोन्ही राज्यांची पर्यटन खाती सीझनमध्ये रंगांचे नकाशे टाकत असतात. निघायच्या दोन दिवस आधी तेवढे बघा. आत्तापासून बघून काही उपयोग नाही.

पानसुपारी

बाब्याशी सहमत. मी कॉलेजात बॉटनी शिकवायचे, तेव्हा थोडं खाजवून घेते.

पिवळा आणि नारिंगी रंग पानात उन्हाळाभर असतोच, कॅरोटिनॉइडचा. हिरव्याखाली झाकलेला असतो एवढंच. दिवस लहान व्हायला लागला की झाड हिरवं द्रव्य नव्यानं बनवायचं थांबवतं, असलेलं मोडून त्यातला नायट्रोजन खोडात-फांद्यांत ओढून घेतं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. म्हणून बर्च आणि अॅस्पेन दरवर्षी साधारण सारखेच पिवळे होतात. तिथं फारशी लॉटरी नाही.

लाल रंगाचं तसं नाही. तो अँथोसायनिनचा, आणि झाड तो शरद ऋतूत मुद्दाम तयार करतं, पानात उरलेल्या साखरेपासून. देठापाशी बुचासारखा एक थर धरायला लागलेला असतो, त्यामुळं साखर पानातच अडकते. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा, पण पाणी गोठेल इतका नाही, असे आठ-दहा दिवस सलग मिळाले की मेपल लालबुंद. ढगाळ, कोमट गेलं की तेच झाड विटक्या पिवळ्यावर भागवतं. उन्हाळ्यात पाऊस फार कमी झाला तर पानं लवकर रंगतात, कडा करपतात आणि लवकर गळतात. आणि सगळं जमून आलं असताना एका रात्रीत वारा-पाऊस आला की खेळ खलास.

तारीख बरीचशी दिवसाच्या लांबीवर ठरते, ती दरवर्षी आठवडाभर मागं-पुढं होते इतकंच. लाल किती भडक येणार ते मात्र हवेवर. तेव्हा तारखेची काळजी सोडा आणि लाल रंगासाठी देव पाण्यात घाला.

तिरपागडे

सहा तास गाडी, दोन तास ट्रॅफिक, हॉटेलवाल्याला तीन रात्रींचे हजार डॉलर, कशासाठी, तर वाळकी पानं. माझ्या अंगणात फुकट पडतात, यायचंय का गोळा करायला? रेक मी देतो.

आणि कॅलेंडरवरच्या फोटोंना कॉम्प्युटरवर किती तिखट-मीठ लावलेलं असतं ते सासरेबुवांना आधीच सांगून ठेवा. प्रत्यक्षात बघून तोंड उतरायला नको.

घाटातला_ट्रक

तिरपागडे, तुमचं रेक तुम्हालाच लखलाभ :)

फोटोत रंगांची भर घालतात हे खरं. पण डोळ्यानं बघताना एक युक्ती आहे, ती कुणी सांगत नाही. सूर्य पाठीशी असताना डोंगर चपटा, मळकट दिसतो. सूर्य समोर किंवा बाजूला असला आणि उजेड पानातून आरपार आला की तेच झाड पेटतं. त्यामुळं निम्मे लोक दुपारी बाराला बघतात आणि "एवढं काही नाही" म्हणत परत जातात. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी तीननंतर बघा. ढगाळ, नुकताच पाऊस पडून गेलेला दिवसही वाया जात नाही, ओल्या काळ्या खोडांपुढं रंग उठून दिसतात.

आता रस्त्याचं. मी नॅशुआला राहतो, हा भाग पायाखालचा आहे.

एडिसनहून कनेक्टिकटच्या किनाऱ्यानं आय-९५ हायवे अजिबात घेऊ नका, ती शिक्षा आहे. २८७ नं टॅपन झीचा पूल (नवीन नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही) ओलांडून ६८४, मग ८४ नं हार्टफर्ड, तिथून ९१ धरून सरळ उत्तरेला. ब्रॅटलबरोच्या पुढं ९१ हाच एक सीनिक रस्ता आहे, उजवीकडं कनेक्टिकट नदी, गाड्या कमी. व्हर्माँटमध्ये १९६८ च्या कायद्यानं रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या पाट्या बंद केल्यात, त्यामुळं मध्ये वकिलांचे चेहरे येत नाहीत, नुसता डोंगर. वेल्स रिव्हरला ९१ सोडून ३०२ नं न्यू हॅम्पशरात शिरा. सेंट जॉन्सबरीपर्यंत जाऊन ९३ नं खाली फ्रँकोनिया नॉचमधून (नॉच म्हणजे खिंड) आलात तर थोडं लांब पडेल, पण प्रवेश दणक्यात होईल. तिथं इंटरस्टेट एकेका लेनचा होतो आणि दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतो.

लिंकनमध्ये टाकी फुल्ल करा. कँकामॅगसवर पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, हॉटेल नाही, फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. घाट असा काही अवघड नाही, आपल्याकडचे घाट चालवलेल्याला किरकोळ. एकच मोठं हेअरपिन वळण आहे, तिथं हँकॉक ओव्हरलुकचं (थांबून डोंगर बघायची जागा) पार्किंग आहे. खरा धोका लोकांचा. पुढचा माणूस लाल झाड दिसलं की ब्रेक दाबतो, अर्धी गाडी रस्त्यावर ठेवून उतरतो. अंतर ठेवा.

आणि अंधार पडायच्या आत घाटातून बाहेर पडा. तेव्हा सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. संध्याकाळी आणि पहाटे मूस (हरणाच्या कुळातलं अवाढव्य जनावर) रस्त्यावर येतात. हरणाला धडक बसली तर बंपर जातो. मूसचे पाय इतके लांब की धड थेट काचेवर येतं. ‘ब्रेक फॉर मूस’च्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत.

कोथिंबीरवडी

बाप रे. हे मूसचं सासूबाईंना सांगायचं नाही असं ठरलंय.

गुडघ्यांचं कुणी सांगा ना. गाडीतून उतरून लगेच दिसेल असं काय काय आहे?

झिपरी

मी सांगते, माझ्या आईलाही हाच त्रास.

फ्रँकोनिया नॉचमधली फ्लूम गॉर्ज ही घळ नको. सगळे तेच सुचवतील, पण फेरी दोन मैलांची, पायऱ्याच पायऱ्या, आणि तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं बरं. त्याऐवजी त्याच रस्त्यावर द बेसिन आहे, पार्किंगपासून जरासं चाललं की झालं. पाण्यानं दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, त्यात पाणी गोल फिरत असतं.

कँकामॅगसवर लोअर फॉल्स आणि रॉकी गॉर्ज दोन्ही पार्किंगला लागूनच. रॉकी गॉर्जला घळीवर पादचारी पूल आहे. सॅबडे फॉल्स पाव-अर्धा मैल आत आहे, शेवटी पायऱ्या लागतात. नवरा आणि मुलं जाऊन येतील, तुम्ही तिघं खाली बसा. कॉनवेकडच्या टोकाला आल्बनीचा लाकडी, छप्पर घातलेला पूल, १८५८ चा. पहिला १८५७ मध्ये बांधला तो वादळात गेला, म्हणून दुसऱ्या वर्षी लगेच हा.

३०२ वर क्रॉफर्ड नॉचमध्ये सिल्व्हर कॅस्केड, हा तर रस्त्याच्या कडेलाच कोसळतो. काच खाली केली की तुषार.

नॉर्थ कॉनवेहून जुन्या धाटणीची रेल्वे सुटते. क्रॉफर्डपर्यंतची मोठी सफर दिवसच खाते, तासाभराची छोटी फेरीपण आहे. सासऱ्यांना आवडेल, पण तिकिटं आत्ता काढली तरच मिळतील.

पार्किंगसाठी नॅशनल फॉरेस्टचा दिवसाचा पास लागतो, पाचेक डॉलर, एकदा घेतला की त्या दिवशी सगळीकडं चालतो. ट्रेलहेडच्या (पायवाट सुरू होते तिथल्या) संडासात पाणी नसतं. सोबत पाण्याची बाटली, टिश्यू, सॅनिटायझर ठेव. मोठ्यांसाठी हा मुद्दा रंगांपेक्षा महत्त्वाचा असतो, माझ्या अनुभवानं सांगते.

उकडीचा

एडिसनला राहून एवढं लांब कशाला, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हॅरिमन स्टेट पार्कला जा. सेव्हन लेक्स ड्राइव्ह, पाण्यात पडलेली झाडांची प्रतिबिंबं, तिथून बेअर माउंटनवर पर्किन्स ड्राइव्हनं थेट माथ्यापर्यंत गाडी जाते. खाली हडसन आणि पूल, हवा स्वच्छ असेल तर लांबवर मॅनहॅटन. सकाळी निघून संध्याकाळी घरच्या वरण-भाताला हजर. फक्त सकाळी दहाच्या आत पोचा, वीकेंडला अख्खं न्यू यॉर्क तिथंच येतं.

शेंगदाणा_लाडू

आमचं व्हर्जिनिया विसरू नका! शेनँडोआ नॅशनल पार्कचा स्कायलाइन ड्राइव्ह, १०५ मैल, डोंगराच्या धारेवरून. वेगमर्यादा ताशी ३५ मैल, त्यामुळं कुणी मागून हॉर्न मारत नाही. सत्तरेक ओव्हरलुक, प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचं, कठड्याला टेकायचं, बघायचं. गुडघ्यांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत रंग असतात. पुढं हवा तितका वेळ असेल तर ब्लू रिज पार्कवे सुरू होतो, ४६९ मैल, थेट नॉर्थ कॅरोलायनात स्मोकीजपर्यंत.

बॉस्टनचा_बाब्या

लाडू, स्कायलाइन सुंदरच आहे. पण तिकडं ओक आणि हिकरी जास्त, म्हणजे सोनेरी, तांबूस, तपकिरी. कॅलेंडरवरचा लालभडक हवा असेल तर शुगर मेपल आणि रेड मेपलचं राज्य कुठं आहे ते बघावं लागतं, आणि ते वर आहे.

उकडीचा यांचा मुद्दा मात्र पटतो, त्यात भर घालतो. दोन्ही करा. कोलंबस डेला वर, आणि दोन आठवड्यांनी हॅरिमन. रंगांची लाट आपल्यामागून घरापर्यंत येतेच.

तिरपागडे

ओकची पानं तपकिरी होतात आणि हिवाळाभर झाडावर तशीच लोंबतात. माझ्या मागच्या अंगणात आहेत. त्यालाही कुणी तिकीट लावा.

झिपरी

तिरपागडे काका, तुम्ही या धाग्यावर सगळ्यात नियमित येता हे लक्षात आलंय.

कोथिंबीरवडी, हॉटेल लिंकनमध्ये मिळत नसेल तर वीस मिनिटं उत्तरेला लिटलटन बघ. छान गाव आहे आणि भाव जरा माणसात असतात. या वीकेंडला बरेच जण दोन रात्रींची सक्ती करतात, आणि फुकट कॅन्सल करायची मुदत नीट वाच. आम्ही एकदा एका मोटेलचं बुकिंग केलं होतं, सप्टेंबरात त्यांनीच "सिस्टिमची चूक" म्हणून रद्द केलं आणि तीच खोली दुप्पट भावानं परत लावली. तेव्हापासून फोन करून पक्कं करून घेते. न्यू हॅम्पशरला सेल्स टॅक्स नाही याचा आनंद असतो, पण खोलीवर आणि बाहेरच्या जेवणावर साडेआठ टक्के आहे, ते बजेटमध्ये धर.

कोथिंबीरवडी

लिटलटनमध्ये मिळालं! दोन खोल्या, गुरुवार ते रविवार, किचनेट आहे. मुलांच्या शाळेला "फॅमिली ट्रिप" म्हणून कळवलं. 

त्या वेळी नवरात्र आलं तर भोंडल्याला जाता येणार नाही, म्हणून मुलगी खट्टू आहे, पण तिला खिरापत गाडीत मिळेल असं कबूल केलंय. खाण्याचं काय करता तुम्ही लोक?

झिपरी

दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं. दोन दिवस काही होत नाही. किचनेट आहे तर इलेक्ट्रिक कुकर ने, रात्री मुगाची खिचडी. थंडीत परत आल्यावर बाहेर पडायला कुणी तयार नसतं. सकाळी ३५ फॅरनहाइट आणि दुपारी साठ असं असतं, कानटोप्या न्या, सासऱ्यांना "मला नाही वाजत थंडी" म्हणू देऊ नका.

आणि तिकडचे सायडर डोनट विसरू नका. सफरचंदाच्या रसात भिजवलेल्या पिठाचे, गरम तळून दालचिनी-साखरेत घोळवलेले. अंडं असतं बहुतेक, विचारून घ्या.

नुसताच_वाचक

पुण्याहून वाचतोय. आमच्याकडं लाल पान म्हणजे देशी बदामाचं, ते गळायच्या आधी खरंच लालभडक होतं, फक्त कुणी सहा तास गाडी चालवून बघायला जात नाही. असं काही भारतात बघायला मिळेल का?

पानसुपारी

काश्मीर. चिनार. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. श्रीनगरला काश्मीर विद्यापीठाच्या आवारातला नसीम बाग, जुने अवाढव्य चिनार आणि खाली पानांचा थर. तिकडं या ऋतूला हरूद म्हणतात. देशी बदामाचं निरीक्षण बरोबर आहे, तेही अँथोसायनिनच.

आणि वसंतात सह्याद्रीत कुसुम बघा. त्याची कोवळी पालवी लाल असते, मार्च-एप्रिलमध्ये लांबून झाड पेटल्यासारखं दिसतं. इथलं जुनं पान लाल, तिथलं नवं.

घाटातला_ट्रक

लिटलटनहून शुक्रवारचा क्रम सांगतो, नीट ऐका. सगळं जग सकाळी दहाला लिंकनकडून कँकामॅगसमध्ये शिरतं. तुम्ही उलटं करा. सकाळी साडेसातला ३०२ नं ब्रेटन वुड्स. तिथलं मोठं पांढरं हॉटेल बाहेरून बघा, १९०२ चं आहे. १९४४ मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीचा पाया तिथल्याच परिषदेत घातला गेला. सासरे बँकेत होते का? असतील तर तिथून अर्धा तास हलणार नाहीत. मागं माउंट वॉशिंग्टन, ६,२८८ फूट, बहुतेक वेळा ढगातच.

मग क्रॉफर्ड नॉच, सिल्व्हर कॅस्केड, आणि बार्टलेटला आलात की नॉर्थ कॉनवेला जायचंच नाही. तिथं रूट १६ वर आउटलेट मॉलमुळं गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. त्यात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पलीकडं मेनमध्ये फ्रायबर्गची जत्रा असते. बार्टलेटहून उजवीकडं बेअर नॉच रोड. नऊ मैल, जंगलातून, हिवाळ्यात बंद असतो, म्हणून पुष्कळांना माहीतच नाही. तो तुम्हाला थेट कँकामॅगसच्या मध्यावर आणून सोडतो. तिथून पश्चिमेला वळून शुगर हिल, खिंड, हेअरपिन, लिंकन. लोअर फॉल्स, रॉकी गॉर्ज आणि पूल हवे असतील तर आधी थोडं पूर्वेला जाऊन परत फिरा. दुपारचं ऊन समोर असेल, चालवणाऱ्याला गॉगल लागेल, बाकीच्यांची चैन.

एक विनंती. इन्स्टाग्रामवर दिसलेल्या कुणाच्या शेताच्या फोटोमागं जाऊ नका. व्हर्माँटमध्ये पॉम्फ्रेट गावी एका खासगी शेताचे फोटो इतके फिरले की लोक फाटक ओलांडून आत शिरायला लागले, रस्त्यावर कपडे बदलायला लागले. शेवटी २०२३ च्या सीझनमध्ये गावानं तो रस्ता बाहेरच्यांना बंदच केला.

कोथिंबीरवडी

मंडळी, धागा वर काढतेय. जाऊन आलो! थोडक्यात लिहिते, कपडे अजून मशीनमध्ये आहेत.

९१ चा सल्ला सोन्यासारखा. गुरुवारी ब्रॅटलबरोपासूनच सासऱ्यांनी खिडकीला नाक लावलं ते सेंट जॉन्सबरीपर्यंत.

शुक्रवारी ट्रकदादांचा उलटा क्रम, तंतोतंत. (सासरे एलआयसीत होते, तरी ब्रेटन वुड्सला पाऊण तास गेला.) बेअर नॉच रोडवर पाऊण तासात मोजून दहा-बारा गाड्या भेटल्या. तिथं एक रेड मेपल रस्त्यावर ओणवा झालेला, दुपारचं ऊन मागून येत होतं. गाडी कडेला घेऊन खाली उभे राहिलो. पान जवळून बघितलं तर शिरा अजून हिरव्या होत्या आणि मधला भाग शेंदरी, कडेला गडद वाइनसारखा. पानसुपारीताई, मुलीनं तुमचं साखर अडकल्याचं तिथंच आजीला समजावून सांगितलं. आजी म्हणाली, "म्हणजे झाडालाही डायबेटिस."

बाब्याचं खरं ठरलं. वर खिंडीत झाडं निम्मी उघडी होती, नुसते पांढरे बर्च आणि हिरवेगार फर. पण त्याआधी, खाली शुगर हिल ओव्हरलुकला सगळा डोंगर रंगात. तिथंच बॉनेटवर डबे उघडले. सासऱ्यांचा अभिप्राय: "कॅलेंडरपेक्षा बरं आहे. पण एवढा मोठा घाट आणि एक भजी-चहाची गाडी नाही, हे काही पटत नाही." शेजारी उभ्या असलेल्या क्वेबेकच्या जोडप्याला त्यांनी दशमी खायला घातली. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती, चटणी मात्र त्यांनी परत मागितली.

शनिवारी दिवसभर पाऊस. द बेसिन आणि एको लेक केलं, छत्र्या घेऊन. ढगाळ उजेडात रंग खरंच जास्त गडद दिसतात, मला वाटलं होतं ट्रकदादा समजूत घालताहेत. शनिवारी रात्री वारा सुटला आणि रविवारी निघताना लिटलटनच्या रस्त्यावरची दोन झाडं रिकामी झालेली. एक दिवस उशिरा आलो असतो तर हे बघायला मिळालं नसतं.

सायडर डोनट दोन डझन संपले. त्यातले किती कुणी खाल्ले यावर घरात मतभेद आहेत. आता हॅरिमनची तयारी.

तिरपागडे

फोटो टाका की. नुसतं वर्णन काय करायचंय.

उकडीचा

काका विरघळले!

पाटपाणी

नवीन आयडी, पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. पूर्ण धागा वाचला नाही. माझी आई नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतेय. न्यू जर्सीत शाळांना टीचर्स कन्व्हेन्शनची सुट्टी असते, तेव्हा मुलं पण मोकळी आहेत. कँकामॅगसला जावं का?

घाटातला_ट्रक

नको. तोवर वर काड्या आणि राखाडी डोंगर, एखादवेळी बर्फ पण. बेअर नॉच रोड तर हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात असतो. घरापाशीच राहा.

उकडीचा

पाटपाणी, सेंट्रल पार्क. तिथं नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रंग भरात असतात, शहराची ऊब असते म्हणून उशिरा येतात. द मॉल नावाच्या रुंद पायवाटेवरचे एल्म पिवळे झालेले असतात, खाली बाकं आहेत, आईला बसता येईल. एनजे ट्रान्झिटनं पेन स्टेशन, तिथून सी ट्रेननं ७२ वा स्ट्रीट. गाडी नेऊ नका, पार्किंगचे पैसे ऐकून आई परत जाईल. आणि धागा वाचा.